पार्किंगमधला बिबट्या : समजूत डोळ्यांत उतरते का?

व्हर्नियरवाला, ठाणे

मंडळी, प्रश्न शेवटी विचारतो. आधी हकीकत ऐका.

आमची सोसायटी मानपाड्याला, डोंगराच्या अंगाला. मागची भिंत संपली की थोडी झाडी, आणि तिथून पुढे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. तीन विंग, 84 घरं. मी सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. नोकरीची 31 वर्षं वागळे इस्टेटमध्ये इन्स्पेक्शनला काढली. जॉब, म्हणजे तपासायचा सुटा भाग, हातात आला की आधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लावायचा, मग तोंड उघडायचं. नवा पोरगा "साहेब, बरोबर दिसतोय" म्हणाला की माझं ठरलेलं उत्तर असायचं, "दिसतोय ठीक आहे, मोजलास का?" हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी सव्वासहाला बी विंगमधल्या गृहस्थांनी ग्रुपवर अकरा सेकंदांची क्लिप टाकली. मागच्या पार्किंगच्या कॅमेऱ्याची, रात्री 2 वाजून 10 मिनिटांची. खाली लिहिलेलं, "बिबट्या!!! मुलांना खाली पाठवू नका." मी दात घासत होतो. तसाच ब्रश तोंडात धरून क्लिप लावली आणि मला बिबट्या दिसला. "असावा बुवा" अशातला प्रकार नव्हता. अंगावरचे ठिपके दिसले, खाली झुकवलेली मान दिसली, लांब शेपूट दिसली, खांबाआडून निघताना तो दबकत टाकलेला पाय दिसला. पोटात गोळा आला. बायकोला हाक मारून दाखवली, तिलाही दिसला.

आठ वाजेपर्यंत ग्रुपवर दीडएकशे मेसेज. ए विंगच्या काकूंनी रात्री गुरगुर ऐकली होती. एकाला जिन्यात उग्र वास आला होता. माळ्याने बागेतल्या ओल्या मातीत पंजा दाखवला, त्यावर आम्ही टब उपडा घालून ठेवला. पुरावा!

रात्रपाळीचा वॉचमन तेव्हा ड्युटी संपवून सायकल काढत होता. त्याला अडवला. "रात्री बिबट्या येऊन गेला, तू कुठे होतास?" तो म्हणाला, "बिबट्या नाय साहेब, बोका व्हता. शी विंगच्या जिन्याखाली ऱ्हातो ना, तो. मी बघितला." त्यावर कोणीतरी म्हणालं, "डोळे मिटून बघितलास वाटतं?" सगळे हसले. मी पण हसलो. दुपारी तातडीची मीटिंग झाली, एजन्सीला पत्र गेलं की माणूस बदलून द्या. "कर्तव्यात कसूर" हे शब्द माझे, टाइपही मीच केलं. दोन दिवसांत माणूस बदलून आला.

त्याच संध्याकाळी वनखात्याचे दोघे आले होते. टब उचलून एक मिनिट पाहिलं आणि म्हणाले, हा कुत्रा. बोटांपुढे नखं उमटली आहेत बघा. बिबट्या काय, मांजर काय, चालताना नखं आत ओढून घेतात, ठशात येत नाहीत. क्लिप पाहून म्हणाले, मांजर वाटतंय. ते गेल्यावर आम्ही आपापसांत काय बोललो असू? "वरवर बघून गेले. सरकारी काम!"

रविवारी ताई डोंबिवलीहून आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. क्लिप लावून विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, "बोका. का रे, तुझी गाडी ओरबाडली का त्याने?" मग मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "परत लाव बघू." परत लावली. "अगं बाई, शेपूट केवढी आहे रे!" तीच क्लिप, तीच बाई, मध्ये गेली दोन मिनिटं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पार्किंगच्या खांबांवर काळे-पिवळे पट्टे आहेत. ते काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं, प्रत्येक पट्टा सहा इंच. क्लिप थांबवली. प्राणी खांबाला घासून जातो त्या क्षणी त्याची पाठ दुसऱ्या पट्ट्याच्या आतच राहते. फार तर दहा इंच. बिबट्या खांद्यापाशी साधारण दोन फुटांचा असतो. ठिपके कुठून आले? कॅमेरा रात्री इन्फ्रारेडवर जातो, चित्र काळं-पांढरं आणि तुटक येतं, बोक्याच्या अंगावरचे पट्टे त्यात फुटून ठिपके होतात. मोजायला चार मिनिटं लागली. 31 वर्षं पोरांना "मोजलास का" विचारणारा माणूस पाच दिवस बिबट्या बघत बसला होता.

आता प्रश्न. खरं तर दोन आहेत.

पहिला हा, की समजूत नक्की कुठे घुसते? डोळ्यांत, की बघून झाल्यावर नाव देतो तिथे? कारण आजही ती क्लिप लावली की पहिले दोन सेकंद मला बिबट्याच दिसतो. मोजून झालंय तरी.

दुसरा प्रश्न जास्त टोचतोय. डोंगराकडेला राहणाऱ्याच्या डोक्यात बिबट्या असतोच, आणि तो आहे हे त्याला माहीत असतं. म्हणून कधी ना कधी तो तपासला जातो. पण "वॉचमन रात्री झोपलेला असतो" ही माझी समजूत आहे असं मला वाटलंच नव्हतं. मी तिला माहिती समजत होतो. हा माणूस येऊरच्या, म्हणजे जंगलातल्याच, पाड्यावरचा. त्याने आमच्या अख्ख्या सोसायटीपेक्षा जास्त बिबटे पाहिले असणार. सगळ्या ठाण्यात त्या क्लिपवर मत द्यायला त्याच्याइतका लायक माणूस सापडला नसता, आणि 84 घरांतून एकाच्याही मनात हे आलं नाही. जिला मोजपट्टी लावावी असं वाटतच नाही, ती समजूत सापडवायची कशी?

---

अर्धाकप

आधी क्लिप टाका काका, मग तत्त्वज्ञान.

---

व्हर्नियरवाला, ठाणे

गाड्यांचे नंबर दिसतात, टाकणार नाही. बोक्याचीही परवानगी घेतलेली नाही.

---

नौपाड्याच्या बाई

संस्कृत शिकवण्यात माझी 35 वर्षं गेली, त्यामुळे मला तुमच्या पार्किंगमध्ये दोरी आणि साप दिसले. (ही माझी समजूत.) अंधारात दोरी पाहून साप वाटतो, हे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यावर आपल्याकडे किती बारीक भांडण झालंय हे सहसा कोणी सांगत नाही. तुमचा पहिला प्रश्न म्हणजे नेमकं तेच भांडण आहे.

नैयायिक, म्हणजे आपल्या जुन्या न्याय दर्शनाचे (तर्कशास्त्राचे) पंडित म्हणतात, पूर्वी कुठेतरी पाहिलेला खरा साप आठवणीच्या वाटेने येतो आणि समोरच्या दोरीवर चक्क दिसतो. याला ते अन्यथाख्याती म्हणतात, एक वस्तू दुसरीच्या रूपात दिसणं. मीमांसा या दुसऱ्या दर्शनातल्या प्रभाकराच्या अनुयायांना हे मान्य नाही. त्यांच्या मते दिसण्यात चूक होतच नाही. "हे काहीतरी आहे" एवढं डोळ्यांनी दिसतं, "साप" स्मृतीतून येतो, आणि ही दोन वेगवेगळी ज्ञानं आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. चूक म्हणजे फक्त तेवढं लक्षात न येणं. ही अख्याती. म्हणजे पहिल्या पक्षाच्या हिशोबाने तुम्हाला बिबट्या दिसला. दुसऱ्याच्या हिशोबाने तुम्हाला दहा इंचांचं काहीतरी दिसलं आणि ग्रुपवरचा बिबट्या आठवला.

तुम्ही म्हणता की मोजून झाल्यावरही पहिले दोन सेकंद बिबट्याच दिसतो. दोरी-सापात असं होत नाही. एकदा दोरी कळली की परत साप दिसत नाही, निदान आपले शास्त्रकार तसं धरून चालतात. तुमचं प्रकरण मला दोन चंद्रांसारखं वाटतं. बोटाने डोळा किंचित दाबला की चंद्र दोन दिसतात आणि एकच आहे हे पक्कं माहीत असूनही दोनच दिसत राहतात. 1889 मध्ये म्युलर-लायर नावाच्या जर्मन माणसाने दोन सारख्या रेषा काढल्या, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले आणि दुसरीच्या बाहेर. फूटपट्टी लावून बघितलं तरी एक लांबच दिसते. थोडक्यात, डोळ्याचा काही भाग आपलं ऐकतच नाही. समजुतीचंही नाही आणि मोजपट्टीचंही नाही.

दुसऱ्या प्रश्नावर एकच सांगते. न्यायशास्त्रात शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हेसुद्धा प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान मिळवायचं साधन, आहे. अट एवढीच की सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे! ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन पुढे स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस आहे हा. वर्गात ही ओळ मी दर वर्षी शिकवली. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला लावून मात्र कधी पाहिली नाही, हे तुमचा धागा वाचताना लक्षात आलं.

---

व्हर्नियरवाला, ठाणे

बाई, नमस्कार. दोन चंद्र आत्ताच गच्चीत जाऊन पाहिले. शेवटच्या परिच्छेदावर सध्या काही बोलत नाही.

---

खाडीपलीकडचा, कोपरखैरणे

सगळे फार हळवे झालेत म्हणून जरा उलट बोलतो.

काका, तुम्ही बरोबरच केलं होतंत. 2019 च्या फेब्रुवारीत तुमच्याच ठाण्यात बिबट्या भर वस्तीतल्या मॉलमध्ये शिरला होता. मग डोंगराला टेकलेल्या सोसायटीत अंधुक क्लिपमध्ये चार पायांचं काही दिसलं, तर आधी बिबट्या धरून चालणं हा शहाणपणा आहे. बोक्याला बिबट्या समजलात तर काय गेलं? पोरं एक दिवस घरात बसली. बिबट्याला बोका समजलात तर? या दोन चुकांची किंमत सारखी नाही. डोळा घाबरट आहे म्हणून तर माणूस आजवर टिकला.

आणि वॉचमन झोपतात हो. बारा तासांची पाळी, वर अनेकदा सलग दुसरी. मी स्वतः पहाटे एअरपोर्टला जाताना गेट उघडायला तीनदा हॉर्न मारलाय. ती समजूत हवेतून आलेली नाही.

---

व्हर्नियरवाला, ठाणे

पोरांना घरात ठेवलं याबद्दल काहीच म्हणणं नाही, उद्या परत ठेवीन. पण तुमच्या हिशोबात पत्र कुठे बसतं? बिबट्याची भीती म्हणून दार लावलं, ठीक. वॉचमनला काढल्याने कोणतं पोर सुरक्षित झालं? उलट खरोखर बिबट्या आला असता तर ओळखणारा एकमेव माणूस आम्ही घालवला. भीतीच्या नावावर आम्ही दुसरंच काहीतरी उरकून घेतलं.

आणि समजा शंभर वॉचमन झोपत असतील. हा म्हणत होता "मी बघितला", बोक्याचा पत्तासुद्धा सांगत होता, जिन्याखाली राहतो म्हणून. झोपलेल्या माणसाला पत्ता माहीत नसतो. जिन्याखाली वाकून बघायला किती वेळ लागला असता?

---

खाडीपलीकडचा, कोपरखैरणे

पत्राचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर ठाम आहे.

---

फिल्मबघी, नेरुळ

मी रेडिओलॉजीत आहे. इथे "समजूत बाजूला ठेवा, मग सत्य दिसेल" असा सूर लागतोय, त्याला माझा विरोध आहे. काहीच समजूत नसलेल्या माणसाला काहीच दिसत नाही! रेसिडेन्सीच्या पहिल्या महिन्यात मॅडम सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "हे बघ, अपेंडिक्स." मला राखाडी चिखल दिसायचा. सहा महिन्यांनी त्याच चिखलात अपेंडिक्स स्वच्छ दिसायला लागलं. डोळे तेच होते, डोक्यात काय शोधायचं ते आलं होतं. काकांच्या वॉचमनला बोका दिसला तोही डोकं कोरं होतं म्हणून नव्हे. बिबट्या कसा चालतो ते त्याच्या डोक्यात पक्कं होतं, आणि हा तसा चालत नव्हता.

पण याच शिकलेल्या डोळ्याची दुसरी बाजू सांगते. 2013 साली एका प्रयोगात 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घालून ठेवलेलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना तो दिसला नाही. त्यांची नजर कुठे जाते याची नोंद यंत्राने केली होती, आणि न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेलेली. मूर्ख नव्हेत ही माणसं, माझ्यासारखीच. गाठ शोधत होती, म्हणून गोरिला राहिला.

हे वाचल्यापासून मी एक करते. स्कॅनसोबत फॉर्म येतो, त्यावर डॉक्टरांनी संशय लिहिलेला असतो, "अपेंडिक्स?" वगैरे. पहिली फेरी तो फॉर्म पालथा ठेवून बघते. मग फॉर्म वाचून दुसरी. दोन्ही लागतात. पहिलीत ताई असते, दुसरीत काका. गर्दीच्या दिवशी पहिली फेरी राहून जाते हेही कबूल करते.

---

चरईकर

1995 मध्ये गणपती दूध प्यायला, आठवतंय का कोणाला? 21 सप्टेंबर, गुरुवार. मी कॉलेजात होते. आजीने घरातल्या पितळेच्या गणपतीच्या सोंडेला चमचा लावला आणि दूध आमच्या डोळ्यांदेखत कमी झालं. मी पाहिलं. आजी रडली. नंतर शास्त्रज्ञांनी सांगितलं की दुधाच्या पृष्ठताणाने आणि केशाकर्षणाने चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली उतरतं. बरोबरच आहे. पाट पुसला मीच होता! दूध पुसताना फडकं पिळलं, मोरीत ओतलं, आणि तरी रात्री मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "अगं खरंच प्यायला." हाताला दूध लागलेलं होतं आणि डोक्याला पत्ता नव्हता. आजही कळत नाही की मी खोटं बोलले का. मला तरी तसं वाटत नाही.

---

अर्धाकप

हे क्लिपपेक्षा भारी निघालं. माझा पहिला प्रतिसाद मागे.

---

व्हर्नियरवाला, ठाणे

चार दिवसांनी लिहितोय.

बाईंचं वाचून एजन्सीच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, आमच्याकडचा तो रात्रीचा माणूस आता कुठे आहे, त्याला भेटायचंय. सुपरवायझर म्हणाला, "आमची दोनशे माणसं आहेत साहेब. नाव काय त्याचं?" मी मोबाइल काढला. त्यात नंबर होता "वॉचमन नाइट 2" या नावाने. तो लावला तर बंद. तीन वर्षं हा माणूस आमच्या गेटवर होता. सुपरवायझर माझ्याकडे बघत बसला, मी मोबाइलकडे.

परत येऊन सोसायटीच्या कपाटातून गेटचं रात्रीचं रजिस्टर काढलं. फेब्रुवारीचं पान. निळं बॉलपेन, बारीक, सरळ अक्षर. 12.30 पाण्याची टाकी भरली, पंप बंद. 1.15 बी विंग, स्विफ्ट आत आली. 2.10 बोका, मागचे पार्किंग. 2.30 मागचे गेट चेक. 3.30 राउंड. प्रत्येक ओळीपुढे सही, सहीत पूर्ण नाव. आणि पानाच्या तळाशी, महिनाअखेरीला केलेली हिरव्या शाईची माझी सही, वर शिक्का, "तपासले". फॅक्टरीत ज्या इन्स्पेक्टरने न बघता असा शिक्का मारला असता त्याला मी उभा सोलला असता.

नाव इथे लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. सुपरवायझरला सांगितलं तेव्हा त्याने दुसरा नंबर काढून दिला. सध्या भिवंडीकडे एका गोडाउनवर आहे, दिवसपाळीला. फोन लावला, नावाने हाक मारली. तिकडून "कोण बोलतंय?" मी सोसायटीचं नाव सांगितलं, माझं सांगितलं. जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "गाडी खाली होतेय साहेब, संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी मीच लावला. बोललो. माफी मागितली, ती त्याने "असू द्या" म्हणून उडवली. म्हणाला, येऊरहून भिवंडी लांब पडतं, दोन बस होतात. मग विचारलं, बिबट्या नाही हे इतकं पक्कं कसं सांगितलंस? तर म्हणाला, "साहेब, त्या रात्री कुत्री गप व्हती. तो आला ना, की आधी कुत्र्यांना कळतं."

कुत्री! क्लिपला आवाज नाही, त्यामुळे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात कुत्र्यांचा विषयच आला नव्हता.

पत्र मागे घेतल्याचं दुसरं पत्र टाइप करून ठेवलंय, मंगळवारच्या मीटिंगमध्ये ठेवतो. दोघांचा आत्ताच विरोध आहे. बी विंगचे गृहस्थ अजून म्हणतात की तो बिबट्याचा बछडा असणार.